रानातली फासकी: शोधायची कशी, काढायची कशी आणि पारधीचा मान राखायचा कसा

फासकी म्हणजे रानातल्या वाटेवर जनावर धरायला लावलेला तारेचा फास. गोव्यात सत्तरीत, सांग्यात किंवा काणकोणात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बहुतेकदा ती दुचाकीची जुनी क्लच किंवा ब्रेकची केबल असते, कधी कुंपणाची तार, क्वचित नायलॉनची दोरी. लावणाऱ्याच्या मनात रानडुक्कर असतं, पण तारेला ते कुठून कळणार? त्याच फाशात बिबट्या कमरेत अडकतो, भेकर मानेत, आणि चरायला सोडलेली गावचीच गाय पायात. गवारेडा केबल तोडून निघून जातो खरा, पण तुटका फास खुराच्या वर तसाच राहतो. मांसात रुतत जातो, जखम चिघळते आणि आठ-नऊशे किलोचं जनावर महिन्याभरात कुठल्यातरी ओहोळात बसकण मारतं. ते मेल्याचं गावाला कळतं वास सुटल्यावर.

पारधीची, म्हणजे गावानं मिळून केलेल्या शिकारीची, गोष्ट वेगळी होती. देवाला गाऱ्हाणं घालायचं, कौल घ्यायचा, दिवस ठरायचा, हाकारे एका बाजूनं रान हाकत यायचे, खिंडीत बंदुका बसायच्या, जे पडेल त्याचे घरटी वाटे व्हायचे. देवराईत शस्त्र न्यायचं नाही, हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं तरी पाळलं जायचं. त्यात सगळं चांगलंच होतं असं म्हणायचं नाही. पण पारध वर्षातून एक-दोन दिवसांची असायची आणि समोर काय आलंय हे बघायला माणूस हजर असायचा. फासकी बाराही महिने, रात्रंदिवस, गाभण मादीलासुद्धा धरते, आणि लावणारा विसरून गेला तरी धरतच राहते.

त्या पारधीतली एक विद्या मात्र आज फासक्या काढणाऱ्यांना लागते. जनावर डोंगरावरून कुठल्या घळीनं उतरतं, पाणी कुठे पितं, शेतात कुठून घुसतं हे पारधीला गेलेल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतं. फासकी लावणारा त्याच वाटा ओळखून तार लावतो. त्यामुळे रान साफ करायला निघताना गावातला एखादा जुना शिकारी बरोबर नसेल, तर निम्म्या फासक्या मागे राहतात.

आधी कायदा, कारण इथेच लोक फसतात

वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मध्ये शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. फास लावणं, सापळा लावणं, विष घालणं, आमिष ठेवणं, जनावराला हाकणं, अंडी किंवा घरटं मोडणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच येतं. म्हणजे हातात बंदूक नसताना ढोल बडवत, कुत्रे सोडून जनावर उठवलं तरी ती कायद्याच्या भाषेत शिकार होते. फासक्या शोधायला निघालेल्या तरुणांनी हौसेनं कुत्रे बरोबर घेतले, तर चांगल्या कामात नसती आफत ओढवेल.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा अशी आहे: साध्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जनावर पहिल्या अनुसूचीतलं असेल किंवा शिकार अभयारण्यात झाली असेल, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, वर किमान २५ हजार रुपये दंड. वाघ, बिबट्या, गवारेडा, खवले मांजर हे सगळे पहिल्या अनुसूचीत. डुकरासाठी लावलेल्या तारेत बिबट्या सापडला, तर ‘मी डुकरासाठी लावली होती’ हे सांगून सुटका होत नाही.

शेतीच्या राखणीसाठी म्हणून ज्यांच्याकडे बंदुकीचा परवाना आहे त्यांच्यासाठी एक खुलासा. तो परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, जनावर मारण्याचा नव्हे. त्यासाठी वन खात्याची वेगळी परवानगी लागते.

निघण्याआधी

परिक्षेत्र वन अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. कुठला डोंगर, कुठली तारीख, किती माणसं, एवढं पुरे. एक वनरक्षक बरोबर मागून घ्या. म्हादई आणि नेत्रावळी ही दोन्ही अभयारण्यं १९९९ साली जाहीर झाली, त्यांचं क्षेत्र अनुक्रमे २०८ आणि २११ चौरस किलोमीटर, आणि कित्येक वाड्या त्यांच्या पोटातच आहेत. त्यामुळे ‘हे तर आमचंच रान’ असं वाटणं साहजिक आहे, पण अभयारण्याच्या हद्दीत खात्याचा माणूस नसताना हातात कटर आणि पोत्यात केबल घेऊन फिरणारी टोळी ही शिकाऱ्यांचीच टोळी दिसते. खाजगी काजूच्या बागायतीत शिरायचं असेल तर मालकाला विचारा.

माणसं सहा ते आठ. त्याहून जास्त झाली की बडबड वाढते आणि नजर कमी होते.

सामान थोडंच, पण नेमकं हवं. अठरा इंची बोल्ट कटर लागतोच. घरातली पक्कड क्लच केबलवर चालत नाही. केबल बारीक पोलादी तारांच्या पिळाची असते, पक्कड ती दाबते, पिळते, पण तोडत नाही, आणि अर्धवट तुटलेल्या तारा सुयांसारख्या बाहेर येतात. म्हणून जाड चामडी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. चार-पाच हात लांब, टोकाला आकडी असलेली काठी, मोजपट्टी, ठिकाण नोंदवता येईल असा फोन, जाड पोतं, वही, पेन्सिल. पावसाळ्यात पेनाची शाई पसरते. पायात घोट्याच्या वर येणारे बूट हवेत, कारण पाला उचकटताना फुरसं भेटण्याची शक्यता फासकी भेटण्याइतकीच असते. पाला कधीही हातानं सारायचा नाही, आकडीनंच.

कुठे आणि कसं बघायचं

सकाळी सात ते दहा ही वेळ चांगली. ऊन तिरपं असतं. सूर्याकडे तोंड करून चाललं की नवी तार चमकते. दुपारी ऊन डोक्यावर आलं की ती पाल्यात हरवते. वेग तासाला अर्धा किलोमीटर, त्याहून जास्त नाही. माणसं पारधीतल्या हाकाऱ्यांसारखीच रांगेत उभी करायची, दोघांमध्ये पाच-सहा पावलांचं अंतर, फक्त तोंड बंद. जुना शिकारी मधोमध, आणि तो थांबला की सगळे थांबतात.

सुरुवात रानाच्या पोटातून करू नका. शेत आणि रान जिथे भिडतात ती कड आधी घ्या, कारण लावणाऱ्यालाही रोज जाऊन तपासायला जवळची जागा हवी असते. गडग्याचा (दगडी बांधाचा) पडका भाग, वंयीतली (कुंपणातली) भगदाडं, कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) मागचा पाट, डोंगरावरून उतरणाऱ्या सुक्या ओहोळाचं तोंड, उन्हाळ्यात पाणी टिकून राहणारी कोंड, बोंडांचा सडा पडलेली काजूची झाडं. या सहा जागा नीट पाहिल्या तर बरंचसं काम होतं.

वंयीतलं भगदाड बघताना घाई करू नका. खाली बसा, गुडघे टेकून, डुकराच्या उंचीवरून. भोकाच्या तळाशी माती गुळगुळीत झाली असेल, कडेच्या काटक्यांना राठ काळे केस चिकटले असतील, तर वाट रोजची आहे. आता कडेच्या झाडाचा बुंधा बघा. जमिनीपासून वीतभर किंवा हातभर वर सालीवर गोल घासलेली खूण आहे का? गंजाचा तांबूस पट्टा आहे का? आजूबाजूला ताजी छाटलेली काटेरी फांदी अशी आडवी टाकलीय का, की जनावरानं दुसरीकडून जाऊच नये? रानात फांद्या पडतात, पण कोयत्याचा तिरपा काप घेऊन पडत नाहीत. असा काप दिसला की तार असणारच, दिसली नसली तरी.

तारेची उंची लावणाऱ्याच्या मनातलं जनावर सांगते. वीतभर उंचीवरची बारीक तार सशासाठी, पिसोरीसाठी (हरणासारखं इवलंसं जनावर) किंवा साळींदरासाठी. गुडघ्याएवढी असेल तर डुकरासाठी किंवा भेकरासाठी. मांडीच्या वर, जाड केबल असेल तर सांबर. त्या-त्या उंचीवर नजर फिरवा. सरळ उभं राहून नुसतं समोर पाहत चाललं तर यातली एकही दिसत नाही, आणि नवख्यांची सगळ्यात मोठी चूक हीच.

एक सापडली की तिच्याकडे धावू नका. फासकी सहसा एकटी नसते. आडव्या टाकलेल्या झाडोऱ्याची भिंत दोन्ही बाजूंना कुठवर जाते ते बघा, आणि तिच्यातली प्रत्येक फट तपासा. पुढे पाऊल टाकणाऱ्याचाच पाय दुसरीत अडकल्याचे प्रकार होतात.

दोन गोष्टींना मात्र हात लावायचा नाही. एक, पाल्यात किंवा फांदीला टांगलेला, पिठात अगर आतड्यात गुंडाळलेला लिंबाएवढा गोळा. तो गावठी बाँब असतो, दाबानं फुटतो. दोन, वाटेवर आडवी ताणलेली दोरी, जिचं दुसरं टोक झाडोऱ्यात जातं. तिकडे बांधलेली बंदूक असू शकते. दोन्ही वेळा आल्या पावली मागे फिरा, जागेची खूण करा, वन खात्याला आणि ११२ वर पोलिसांना कळवा.

काढण्याचा क्रम

आधी लांबून एक फोटो, मग जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. फोनवर ठिकाण नोंदवा. फास ताजा असेल, त्यावर रक्त, केस किंवा आजूबाजूला उकरलेली माती असेल तर तो पुरावा आहे. तो वनरक्षकानंच पंचनामा करून काढायचा. तुम्ही जागा राखायची, बस्स.

बाकीच्यांसाठी आधी ताण बघायचा. तार नुसत्या बुंध्याला बांधलेली असेल तर प्रश्न नाही. पण एखादं लवचिक झाड वाकवून त्याच्या शेंड्याला ती बांधली असेल, तर ते झाड चाबकासारखं उसळतं. त्याच्या समोर किंवा वर तोंड नेऊ नका. बाजूला उभं राहून लांब काठीनं आधी फास उडवा, झाड सरळ होऊ द्या, मगच कटर लावा.

कापायचं ते बुंध्याकडच्या गाठीपाशी. उतावळेपणानं फक्त फासाचं वेटोळं कापलं तर उरलेली दोन हात केबल झाडावरच राहते आणि आठवड्यात तिचाच नवा फास होतो. सगळी तार काढा आणि पोत्यात घाला. वनरक्षक बरोबर असेल तर त्याच्यासमोर मोजून, सही घेऊन त्याच्या ताब्यात द्या. रानात एकही तुकडा टाकू नका. घरी नेऊन ठेवणं तर अगदीच चुकीचं.

आडवी टाकलेली झाडोऱ्याची भिंतही मोडून काढा. ती राहिली तर जनावरं त्याच फटीतून जात राहतात आणि लावणाऱ्याचं निम्मं काम तयारच असतं.

अडकलेलं जनावर जिवंत असेल तर

काही करायचं नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तेच बरोबर. बिबट्या असेल तर किमान शंभर मीटर मागे या. वन खात्याला फोन करा, गर्दी येऊ देऊ नका, व्हिडिओसाठी पुढे सरकणाऱ्याला मागे ओढा. बिबट्या जितका उसळी मारतो तितकी तार खोल जाते, आणि शेवटच्या उसळीत ती तुटली तर तो समोर दिसेल त्याच्या अंगावर येतो.

भेकर किंवा सांबर गरीब दिसतं म्हणून ‘तार कापून सोडून देऊ’ असं वाटतं. तसं करू नका. तासन्‌तास धडपडल्यानं हरणांच्या स्नायूंची आतून नासाडी होते, विष रक्तात भिनतं, आणि उड्या मारत गेलेलं जनावर एक-दोन दिवसांत मरतं. शिवाय तारेनं रक्तपुरवठा तोडलेला पाय वरून धड दिसतो, पुढे सडतो. पशुवैद्यानं तपासल्याशिवाय सोडायचं नाही. तो येईपर्यंत शांतता आणि अंतर, एवढंच आपल्या हातात असतं.

वही

प्रत्येक फासकीला एक ओळ: तारीख, जागेचं गावातलं नाव, फोनवरचं ठिकाण, तारेचा प्रकार, उंची, जवळचं पीक, नवी की गंजलेली. गावातलं नाव महत्त्वाचं, कारण आकड्यांवरून म्हाताऱ्यांना काही कळत नाही आणि ‘आंब्याच्या कोंडीवर’ म्हटलं की सगळं कळतं. वर्षभराची वही समोर ठेवली की दिसतं: अमक्या मळ्याच्या कडेला भात पोटरीवर आलं की फासक्या वाढतात, तमक्या बागायतीत फक्त काजूच्या दिवसांत. नावं लिहू नका. वहीचं काम जागा दाखवण्याचं आहे, माणसं पकडण्याचं नाही. वहीत शेजाऱ्यांची नावं आली की पुढच्या फेरीला कुणी येत नाही.

पीक वाचलं नाही तर फासकी परत येते

पिकाची राखण न करता नुसत्या तारा काढत बसणं म्हणजे गळक्या छपराखाली भांडी मांडणं. एका रात्रीत डुकरांचा कळप रताळी, सुरण, केळीचे कोंब उकरून टाकतो, त्या माणसाला कायदा सांगून भागत नाही.

सौर कुंपण बऱ्यापैकी चालतं, नीट केलं तर. डुकरासाठी सगळ्यात खालची तार जमिनीपासून पंधरा ते वीस सेंटिमीटरवर हवी, दुसरी चाळीसच्या आसपास, तिसरी साठ-पासष्टवर. खालची तार तीस सेंटिमीटरवर ठेवली तर डुक्कर नाकानं माती उकरून खालून जातं. यंत्र साधारण सेकंदाला एक झटका देतं, तो लागतो पण जीव घेत नाही. आपल्याकडे बिघडतं ते दोन ठिकाणी. पावसात गवत वाढून तारेला टेकतं आणि सगळा जोर मातीत जातो, म्हणून दर पंधरवड्याला तारेखालची पट्टी कापावीच लागते. उन्हाळ्यात जांभ्या दगडाची जमीन कोरडी पडते आणि अर्थिंग मिळत नाही. त्यासाठी दीड-दोन मीटरच्या तीन सळ्या, एकमेकींपासून तीन मीटरवर, जमल्यास ओलाव्याच्या जागी ठोका आणि मार्चनंतर त्यांच्या बुडाशी आठवड्यातून दोनदा पाणी घाला. तारेत थेट घरातली वीज सोडणं हा गुन्हा आहेच, आणि त्यात डुकरापेक्षा आधी शेजारी मरतो.

कुंपणाच्या अनुदानासाठी विभागीय कृषी कार्यालयात काम सुरू करण्याआधी विचारा, नंतर नव्हे. कृषी कार्ड आणि जमिनीचा एक-चौदाचा उतारा जवळ ठेवा. सत्तरीत घोडं अडतं ते इथेच: जमीन मोकाशाची (जुन्या जमीनदाराची), कसणारा दुसरा, उताऱ्यावर नाव तिसऱ्याचं. नुकसान झाल्यावर कागद शोधण्यापेक्षा भात पेरण्याआधीच तलाठ्याकडे आणि कृषी कार्यालयात हा गुंता समोर ठेवलेला बरा.

पाळीव जनावर वाघ-बिबट्यानं मारलं तर जास्त सावध राहायला हवं. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या गोळावलीत वाघीण आणि तिचे तीन बछडे विषप्रयोगानं मेले, ते मारलेल्या गुराच्या धडात विष घातल्यामुळे. धड हलवू नका, पुरू नका, त्यावर काही टाकू नका. त्याच दिवशी वन खात्याला कळवा, पंचनामा आणि पशुवैद्याचा दाखला घ्या. गळ्यावरचे सुळ्यांचे खड्डे, फरफटीची खूण, पंज्याचे ठसे यांचे मोजपट्टीसह फोटो काढा. वाघ सहसा मागच्या मांड्यांपासून खायला लागतो, बिबट्या पोट किंवा छातीपासून, आणि ठशात नखं उमटली असतील तर ते कुत्र्याचं काम असण्याची शक्यता जास्त. हे फोटो नसले की भरपाईचा अर्ज रेंगाळतो, आणि वैतागलेला माणूस विषाच्या बाटलीकडे बघू लागतो.

पारधीचा मान

देवाची पारध बंद करा म्हटलं की गाव बिथरतं, आणि ते बरोबरही आहे. कारण त्यात मांसापेक्षा मान मोठा असतो: कुणाचा नारळ आधी, कुणाचा ढोल पुढे. तो मान जसाच्या तसा ठेवून जनावर तेवढं वगळता येतं. बळीच्या जागी कोहळा फोडणं आपल्याकडे नवं नाही.

बदल गावकऱ्यांच्या बैठकीत, मानकऱ्यांच्या तोंडूनच यायला हवा, तरुण मंडळाच्या फलकावरून नव्हे. गाऱ्हाणं घालून कौल घ्या. कौल मिळाला की पुढे वाद व्हायला जागा उरत नाही. मिळाला नाही तर त्या वर्षी आग्रह धरू नका. मिळाल्यावर ढोल, कासाळं (मोठ्या झांजा), गुलाल सगळं नेहमीसारखं, पण मिरवणूक रानाच्या कडेला थांबते, तिथे कोहळा फुटतो, आणि वाटे घरटी नेहमीच्याच क्रमानं, खोबऱ्याचे आणि गुळाचे. बंदुका घरी, कुत्रे बांधलेले. ढोल कडेच्या आत न्यायचा नाही, कारण वर म्हटल्याप्रमाणे हाकणं हीसुद्धा शिकारच. सत्तरी, सांगे, काणकोणात वाघ्रोची, म्हणजे वाघदेवाची, स्थानं आहेत. ज्या गावात असं स्थान आहे तिथे पहिला नारळ त्याला द्यायचा की ग्रामदेवतेला, हे मानकऱ्यांनी आधीच ठरवून घ्यावं. या एका मुद्द्यावरून सोहळा दोन तास अडून राहू शकतो.

फासक्यांची फेरी याच पारधीच्या आदल्या दिवशी ठेवा. माणसं जमलेली असतात, म्हातारे उत्साहात असतात, आणि हाकाऱ्यांच्या जुन्या जागांवर उभं राहायला कुणाला दोनदा सांगावं लागत नाही.

बाकीच्या फेऱ्या पिकाप्रमाणे. भात पोटरीवर येताना, साधारण सप्टेंबरात, एक. बोंडं पडायला लागण्याआधी, फेब्रुवारीत, दुसरी. पाणवठ्यांची तिसरी, मेच्या मध्यापर्यंत उरकून घ्या. एकदा पाऊस लागला की वेली चढतात, पाल्याचा चिखल होतो, आणि राहून गेलेली तार दिवाळीपर्यंत कुणाच्या नजरेला पडत नाही.